फिनिश माणसाला मराठी शिकवायची आहे? मग इंग्रजीचा पूल नको

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात फिनलंडमधल्या ताम्पेरेच्या घरी मी नवऱ्यासाठी वीस मराठी शब्द कागदावर लिहून फ्रिजवर लावले. त्याला देवनागरी येत नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत. पहिला शब्द होता 'जा'. त्याने तो 'या' असा वाचला. फिनिशमध्ये आपण ज्याला 'जे' म्हणतो ते अक्षर 'य' म्हणूनच वाचतात, त्यामुळे चूक त्याची नव्हती, माझी होती. अर्थ मात्र बरोबर उलटा झाला. त्याखालचा 'ये' तर त्याने ओठांचा चंबू करून 'यू-ए' असा काहीतरी वाचला, कारण 'वाय' हा त्यांच्याकडे स्वर आहे आणि तो आपल्या भाषेत नाहीच.

त्या कागदाने मला एक गोष्ट शिकवली. माझ्या डोक्यातलं मराठी शिकवण्याचं सगळं सामान इंग्रजीतून आलेलं होतं आणि समोरचा माणूस इंग्रजी नव्हता. फिनिश ही उरलिक कुळातली भाषा, एस्टोनियन आणि सामीची जवळची, हंगेरियनची लांबची नातलग. मराठी इंडो-युरोपीय कुळातली. कूळ वेगळं असलं तरी वाक्याच्या बांधणीत बऱ्याच ठिकाणी फिनिश आणि मराठी एकमेकींच्या जवळ आहेत, आणि त्या ठिकाणी इंग्रजी दोघींपासूनही दूर आहे. इंग्रजीतून समजावायला गेलात तर सोपं तेही अवघड होऊन बसतं.

तुमच्या घरी फिनिश जोडीदार असेल, सून-जावई असतील किंवा ऑफिसमधली एखादी मैत्रीण मनापासून मराठी शिकू बघत असेल, तर मी कुठे अडखळले आणि काय केल्यावर गाडी पुढे सरकली, ते क्रमाने सांगते. तुम्हाला थोडी तरी फिनिश येते असं धरून चालले आहे. येत नसेल तर शिकणाऱ्यालाच त्याच्या भाषेत कसं म्हणतात ते विचारत जा. तेही शिकवणंच आहे.

आधी काय जमवाल

- चौरेघी किंवा दुरेघी वही. पहिलीतल्या मुलांची असते तीच. भारतातून दोन-चार आणून ठेवा.
- बाराखडीचा तक्ता. स्वयंपाकघरात, डोळ्यांच्या उंचीवर लावा.
- बालभारतीची पहिली आणि दुसरीची पुस्तकं. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती पीडीएफमध्ये मिळतात.
- निळं, लाल आणि हिरवं अशी तीन पेनं. कशासाठी ते पाचव्या पायरीत.
- फोनवर मराठी कीबोर्ड.
- आवाज टेप करायची सवय. आई, काका, भाचरं, सगळ्यांचे छोटे छोटे आवाज. एकट्या तुमचा नको. हे फार महत्त्वाचं आहे, का ते खाली येईलच.

१. पहिल्या महिन्यातच देवनागरी

'आधी बोलायला शिकू दे, लिपी नंतर' असं बरेच जण सांगतील. फिनिश माणसाच्या बाबतीत हे ऐकू नका. जसं लिहायचं तसंच वाचायचं, ही त्यांच्या भाषेची लहानपणापासूनची सवय. रोमनमधली मराठी त्याला दर शब्दाला फसवते, आणि देवनागरी त्याला ओळखीची वाटते, कारण तिचा स्वभाव तसाच आहे.

पण सुरुवात मराठी शब्दांनी करू नका. त्याला त्याची स्वतःची भाषा देवनागरीत लिहायला लावा. फिनिशमध्ये तुली म्हणजे आग, तूली म्हणजे वारा आणि तुल्ली म्हणजे जकात. हे तीन शब्द एकाखाली एक लिहिले तेव्हा नवऱ्याचा चेहरा उजळला होता. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षर ही भानगड परकी नाही, आपल्याच भाषेतली गोष्ट दुसऱ्या कपड्यांत आहे, हे त्याला तिथेच कळलं. त्यांचा दोन टिंबांचा 'आ' आपल्या 'ॲ'मध्ये बसतो. दोन टिंबांचा 'ओ' आणि तो चंबूवाला स्वर मात्र बसत नाही, ते सोडून द्या. रोज संध्याकाळी अर्धं पान धरलं तर तीन आठवड्यांत वाचन सुरू होतं.

एक सापळा: 'घर' शब्दातल्या शेवटच्या 'र'चा 'अ' आपण उच्चारत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर तो प्रामाणिकपणे 'घरा' वाचतो.

२. कान आणि जीभ

फिनिश माणसाचं जे आधीच चांगलं आहे ते त्याला आवर्जून सांगा. त्याचा क, त, प हवेचा फुसकारा न सोडता येतो, थेट आपल्यासारखा. इंग्रजी बोलणाऱ्याला तो शिकावा लागतो. र छान थरथरता असतो. द्वित्त, म्हणजे तेच व्यंजन जोडून दोनदा, त्याच्या रक्तात आहे, पत्ता आणि पता यांतला फरक तो पहिल्यांदाच ऐकतो. आणि 'चमचा'मधला दंत्य च, जो बऱ्याच परदेशी लोकांना सहज जमत नाही, तो त्याच्याकडे तयार आहे. जंगलाला ते 'मेत्सॅ' म्हणतात, त्यातला 'त्स' घ्यायचा आणि 'चमचा'त ठेवायचा. 'चहा'तला च मात्र नवा शिकवावा लागतो.

खरी मेहनत महाप्राणांवर आहे. ख, घ, थ, ध, भ फिनिशमध्ये नाहीत. शिवाय आपला अर्धवट तोंड उघडून म्हणायचा 'अ'ही नाही. त्यामुळे 'घर'चं हमखास 'गार' होतं. ओठांसमोर टिश्यूपेपरची पट्टी धरा. कार म्हटल्यावर ती हलता कामा नये, खार म्हटल्यावर हलली पाहिजे. मग ताट-थाट. हे दहा मिनिटं, रोज, महिनाभर. घ, ध, भ सगळ्यात शेवटी येतात, त्यांच्यासाठी घाई करू नका.

ट आणि त वेगळे आहेत हे आधी ऐकू यायला हवं. त्यांचा त दातांना लागतो, म्हणून 'टाटा' 'ताता' होतं. जीभ मागे वळवायची जागा हाताच्या तळव्यावर काढून दाखवा. स त्यांच्याकडे एकच, त्यामुळे शाळा 'साळा' होते. पण बुद्धिबळाला ते 'शाक्की' म्हणतात. हा शब्द मदतीला घ्या: शाक्की, शाळा, शंभर. जुन्या पिढीला ब आणि ग सुद्धा जड जातात. माझ्या सासूबाई केळ्याला बनानीऐवजी 'पानानी' म्हणतात आणि मला 'बाळ' म्हणायचा प्रयत्न करतात तेव्हा 'पाळ' येतं. त्यांना मी कधीच दुरुस्त केलेलं नाही.

शब्दाच्या सुरुवातीची जोडाक्षरंही थोडी सतावतात. जुन्या फिनिशने बाहेरून आलेल्या शब्दांची पहिली व्यंजनं गाळून टाकली आहेत. स्टॉकहोम त्यांच्याकडे 'तुखोल्मा' आहे. म्हणून 'स्वयंपाक' आणि 'प्रश्न' पहिल्या महिन्यात नकोत.

३. त्याच्याच भाषेतून दाखवा

ही पायरी मला सगळ्यात उशिरा सुचली. तुम्ही तिसऱ्याच आठवड्यात करा.

इंग्रजीत 'माझ्याकडे आहे' यासाठी वेगळं क्रियापद लागतं. फिनिशमध्ये ते नाही. 'मिनुल्ला ओन किर्या' म्हणजे शब्दशः 'माझ्याकडे आहे पुस्तक'. भूक लागली की 'मिनुल्ला ओन नॅल्कॅ', माझ्याकडे आहे भूक. म्हणून 'मला भूक लागली' या वाक्यात 'मी' कुठे गेला, हा प्रश्न फिनिश माणूस विचारत नाही.

'पून आल्ला' म्हणजे झाडाच्या खाली. 'तालोन ताकाना' म्हणजे घराच्या मागे. आधी षष्ठी, मग शब्दयोगी अव्यय, अगदी आपल्यासारखं. रस्ता म्हणजे 'कातू', रस्त्यावर म्हणजे 'कादुल्ला'. बघा, प्रत्यय लागताना त्यांच्याही शब्दाचं पोट बदलतं, त चा द होतो. आपलं सामान्यरूप शिकवताना एवढं एक उदाहरण पुरतं. 'रस्ताचा रस्त्या का होतो?' असं इंग्रजीतून शिकणारा विचारत बसतो. नवऱ्याने फक्त मान डोलावली आणि विचारलं, 'नियम कुठला?' विशेषणही सोबत बदलतं: 'इसोस्सा तालोस्सा', मोठ्या घरात.

नकार तर पाहण्यासारखा आहे. फिनिशमध्ये 'नाही' हेच क्रियापद आहे आणि तेच बदलतं: एन मेने, एत मेने, एइ मेने, एइवॅत मेने. आता आपलं बघा: मी जात नाही, तू जात नाहीस, तो जात नाही, ते जात नाहीत. 'जात' तसंच राहतं, 'नाही' बदलतं. हे दोन्ही स्तंभ मी वहीत शेजारी शेजारी लिहिले, त्यानंतर समजावण्यासारखं काही उरलं नाही.

प्रश्न विचारताना ते शेवटी 'को' लावतात, 'तुलेत्को?' म्हणजे 'येतोस का?'. हा ध्वनी जुळणं योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोयीचा. आणि माझं आवडतं: 'ॲइदिन तेकेमॅ रुओका', आईने केलेलं जेवण. शब्दांचा क्रमही तोच.

दोन भाषांची जुनी गाठभेटही झालेली आहे. हजारो वर्षांपूर्वी फिनिशच्या पूर्वज भाषेने इंडो-इराणी बोलणाऱ्यांकडून काही शब्द घेतले. शंभरला ते 'साता' म्हणतात, आपल्या 'शत'च्या घरातला शब्द. हातोडीला 'वासारा', तो 'वज्र'चा नातेवाईक. नोव्हेंबर महिना 'मार्रासकू', त्यातला 'मार्रास' आणि आपला 'मृत' एकाच मुळाचे. कंटाळलेल्या संध्याकाळी हे सांगितलं की शिकणारा पुन्हा वही उघडतो.

४. आधी अशी वाक्यं, ज्यात बोलणाऱ्याचं लिंग येत नाही

फिनिशमध्ये तो आणि ती दोघांनाही 'हॅन' हा एकच शब्द. रोजच्या बोलण्यात तर माणसालाही 'से' म्हणतात, जो वस्तूंसाठीचा शब्द आहे. नामांना लिंग नाही. अशा माणसाला पहिल्याच धड्यात 'मी जातो, मी जाते' दिलं की तो तिथेच अडकतो.

मराठीत एक सोय आहे, ती वापरा. 'मी जात नाही' हे बाई म्हणो की बुवा, वाक्य एकच. 'मी जाईन', 'मी करेन', 'आम्ही येऊ' यांतही लिंग नाही. मला माहीत नाही, मला थंडी वाजते, मला जायचंय, मला समजलं नाही, ही सगळी वाक्यं कोणीही जशीच्या तशी म्हणू शकतं. फिनिशमध्ये वेगळा भविष्यकाळ नाही, पण 'जाईन' शिकायला त्याचा अडथळा झाला नाही. पहिले दोन-तीन महिने एवढ्यावर काढा. सांगलीला आईशी बोलताना नवऱ्याने चाळीस-पन्नास वाक्यांवर निभावून नेलं आणि त्यातलं एकही चुकीच्या लिंगात नव्हतं, कारण चुकायला जागाच नव्हती.

५. मग तो, ती, ते

आता ती तीन पेनं. पुल्लिंगी शब्द निळा, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी हिरवा. शब्द एकटा कधीच लिहायचा नाही. 'आंबा' नाही, 'तो आंबा'. ती पोळी. ते घर. फिनलंडमध्ये शाळेत स्वीडिश सगळ्यांनाच शिकावी लागते, आणि तिथे नामाबरोबर 'एन' की 'एत्त' हे पाठ करावं लागतं, म्हणजे ही युक्ती त्याला माहीत असते. कोणी शाळेत जर्मन घेतली असेल तर तीन लिंगंही ओळखीची निघतात. त्याला आवर्जून विचारा.

शेवटावरून अंदाज बांधायला शिकवा: बहुतेक आकारान्त तो, बरेचसे ईकारान्त ती, अनुस्वाराचा उच्चार उडालेले 'केळं, भांडं'वाले शब्द ते. पण पाणी ते आणि हत्ती तो, हे अपवाद सोबतच द्या, नंतर दिले तर विश्वास उडतो.

आणि आता सगळ्यात मोठा सापळा. शिकणारा माणूस शिकवणाऱ्याची नक्कल करतो. नवरा दिवसभर माझं ऐकायचा: मी येते, मी जेवले, मी दमले. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या वडिलांनी विचारलं, 'जेवलात का?' आणि तो ठामपणे म्हणाला, 'हो, मी जेवले.' बाबा काही बोलले नाहीत, पण पलीकडून भाचीचं हसू ऐकू आलं आणि पुढचे दोन आठवडे तो फोनवर मराठी बोललाच नाही. मला आजही त्याची रुखरुख आहे, कारण ती चूक मी त्याच्या तोंडात घातली होती. त्यानंतर मी भावाकडून रोजची तीस वाक्यं बोलून मागवली: मी आलो, मी विसरलो, मी निघतो. तो ती ट्रॅममध्ये ऐकायचा. बाई शिकवत असेल तर पुरुषाचा आवाज आणा, पुरुष शिकवत असेल तर बाईचा. पहिल्या दिवसापासून.

६. 'ने' आणि भूतकाळ

'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं.' खाणारा एकच, क्रियापद मात्र खाल्लेल्या वस्तूच्या मागे जातं. फिनिशमध्ये असं होत नाही, त्यामुळे इथे वेळ द्या. 'मी'ने सुरुवात करू नका, कारण तिथे 'ने' दिसतच नाही. 'त्याने', 'तिने', 'आईने' यांनी सुरू करा. आणि 'आईने केलेलं जेवण'ची आठवण करून द्या, फिनिश वाक्यातही आई तिथे षष्ठीत बाजूला उभी असते आणि केलेली वस्तू पुढे असते. तिथून 'आईने जेवण केलं' एकाच पावलावर आहे. शिकलो, विसरलो, बोललो, म्हणालो ही क्रियापदं या नियमात बसत नाहीत, ती वहीच्या मागच्या पानावर वेगळी ठेवा.

७. तू, तुम्ही, अहो, आणि नाती

फिनिशमध्ये तू आणि तुम्ही दोन्ही आहेत, 'सिनॅ' आणि 'ते'. पण आजचा फिनलंड जवळजवळ सगळ्यांना 'सिनॅ' म्हणतो, डॉक्टरला, शिक्षकाला, साहेबालाही. म्हणून तो तुमच्या वडिलांना अगदी प्रेमाने 'तू कसा आहेस?' विचारणार. नियम साधा द्या: वयाने मोठे सगळे 'तुम्ही', आई आणि आजी 'तू' चालेल, पण तुमच्या घरात काय चालतं ते आधी सांगा. माझ्या आईला जावयाने 'तू' म्हणणं खटकलं असतं, म्हणून तिच्यासाठी 'तुम्ही' ठरवलं.

'कृपया' शिकवू नका. फिनिशमध्येही त्यासाठी नेमका रोजचा शब्द नाही आणि आपणही घरात तो वापरत नाही. 'पाणी देता का?', 'द्या ना' हे शिकवा.

'आपण' आणि 'आम्ही' हा फरक फिनिशमध्ये नाही. मराठीत तो द्राविड भाषांच्या शेजारातून आला असं अभ्यासक मानतात. 'आम्ही जेवायला जातोय' म्हटल्यावर समोरचा घरीच राहतो, 'आपण' म्हटल्यावर चप्पल घालतो. दारात उभं राहून दोनदा करून दाखवलं की पुरतं.

नात्यांत मात्र सुखद धक्का मिळेल. त्यांच्याकडे आईचा भाऊ 'एनो' आणि वडिलांचा भाऊ 'सेतॅ', म्हणजे मामा आणि काका वेगळे. लहान मुलं अनोळखी माणसालाही 'सेतॅ' म्हणतात, आपल्या काकासारखंच. आत्या आणि मावशी यांना मात्र 'तॅती' हा एकच शब्द. सुनेला 'मिनिॲ', सासूला 'आनोप्पी'. नणंदेसाठीही जुन्या फिनिशमध्ये स्वतंत्र शब्द होता, 'नातो'. आता तो कोणी वापरत नाही. सासूबाईंना विचारलं तर त्यांना तो त्यांच्या आजीच्या तोंडून ऐकल्याचं आठवलं.

८. आकडे

एक ते शंभर एकदम पाठ करायला लावू नका. आधी एकतीसपर्यंत, तारखांसाठी. मग दहा, वीस, तीस. मधले आकडे भाजीच्या भावाने येतात. फिनिशमध्ये एकवीस म्हणजे शब्दशः 'वीस एक'. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात अशीच 'वीस एक' पद्धत आली आणि महाराष्ट्रात मोठा वाद झाला. मी वादात पडत नाही, पण फिनिश माणसासाठी ही उत्तम पायरी आहे. पहिलं वर्ष 'साठ सात' चालवून घ्या, सदुसष्ट नंतर येईल.

एकोणीस, एकोणतीस समजावताना त्यांचा नऊ आठवून द्या. फिनिश नऊमध्ये 'एक' दडलेला आहे आणि आठमध्ये 'दोन', दहाला किती कमी तेवढे.

९. घरच्यांना सांगून ठेवा

भारतात जाण्याआधी ही तयारी करा, कारण सगळी मेहनत तिथे पणाला लागते.

नातेवाईक परदेशी चेहरा दिसला की इंग्रजीत शिरतात. प्रत्येकाला आधी फोन करून सांगा की याच्याशी मराठीतच बोला, हळू बोला, पण बाळबोध नको. दोन-तीन माणसं निवडून द्या. आमच्याकडे आजोबा आणि आठ वर्षांची भाची. आजोबांना इंग्रजी येत नाही आणि भाचीला कोणाच्या चुका सुधारण्याचा संकोच वाटत नाही.

दुसरं, फिनिश माणूस ऐकताना गप्प बसून ऐकतो. मध्ये बोलणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. फोनवर आई तीन वाक्यं बोलून थांबायची आणि विचारायची, 'आहे का रे तिकडे? कट झाला का?' त्याला हं, हो का, बरं असे सगळे हुंकार शिकवा, फक्त 'अगं बाई' सोडून. आम्ही यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवली होती. मी गोष्ट सांगायची, त्याने दर वाक्याला काहीतरी म्हणायचं.

आणि जेवणाच्या पंगतीची वाक्यं पाठ करून न्या: 'पुरे', 'अर्धीच द्या', 'पोट भरलं', 'मीच वाढून घेईन'. यातलं शेवटचं त्याला पहिल्या दिवशी उपयोगी पडलं, आणि त्यात लिंगही नव्हतं.